न्हावा शेव्याला जादा भरलेली कस्टम ड्यूटी परत मिळते का?

भोसरीकर

मंडळी, भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. स्पेशल पर्पज मशीन बनवतो. त्यासाठी लिनिअर गाइडवे आणि बॉल स्क्रू (मशीनचे भाग अचूक सरकवणारे सुटे भाग) जपानहून मागवतो, माल न्हावा शेव्याला उतरतो. भारत-जपान करारामुळे आमच्या मालाला सवलतीचा दर लागतो. त्यासाठी जपानच्या चेंबरने दिलेलं मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं, ते पुरवठादार पाठवतो.

परवा जुन्या फायली लावताना ध्यानात आलं, दोन बिल ऑफ एंट्रींमध्ये (आयातीच्या वेळी कस्टम्सला द्यायचं विवरणपत्र) कराराची सवलत देणारी अधिसूचना टाकलेलीच नाही. सीएचएकडच्या (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) नव्या पोराने नेहमीच्या दराने ड्यूटी काढली, आमच्या अकाउंटंटने आइसगेटवर (कस्टम्सचं पोर्टल) भरली, माल सुटला, कुणाचंच लक्ष गेलं नाही. पहिल्या बिलाच्या वेळी प्रमाणपत्र हातात होतं. दुसऱ्याच्या वेळचं प्रमाणपत्र माल सुटल्यावर आलं आणि त्यावरची तारीखही नंतरचीच आहे.

पैसे भरून आठ महिने झालेत. सीएचए म्हणतो, "रिफंडचा फॉर्म भरू, पैसे कुठे पळून जातायत?" मला हे एवढं सोपं वाटत नाही. कुणी प्रत्यक्ष केलंय का असं?

खोडसाळ

सरकारी तिजोरीचं दार आत उघडतं, बाहेर नाही. बाकी चालू द्या. वाचनखूण साठवली आहे.

बंदरावरचा

भोसरीकर, तुमची शंका रास्त आहे. क्लिअरिंगच्या धंद्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परतावा मिळतो तो सीमाशुल्क अधिनियम १९६२ च्या कलम २७ खाली. मुदत पैसे भरल्यापासून एक वर्ष. ड्यूटी 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे निषेध नोंदवून भरली असेल तर ही मुदत लागत नाही. शंभर रुपयांच्या आतली रक्कम देत नाहीत. कलमात एवढंच दिसतं, म्हणून लोकांना वाटतं फॉर्म भरला की झालं.

खरी गोम बिल ऑफ एंट्रीत आहे. ८ एप्रिल २०११ पासून आपल्याकडे स्वयंनिर्धारण आलं. म्हणजे दर कुठला आणि ड्यूटी किती, हे आयातदाराने स्वतः ठरवून जाहीर करायचं. सीएचए तुमच्या वतीने ते करतो, पण जबाबदारी तुमची. तुम्हीच साडेसात टक्के लागतात असं लिहून दिलंत आणि भरलेत, तर कायद्याच्या नजरेत तेवढीच ड्यूटी देणं होती. 'जादा' काही भरलंच नाही. रिफंड सेक्शनच्या अधिकाऱ्याला ते बिल चूक आहे असं म्हणण्याचा अधिकार नाही. त्याच्यासमोर बिल येतं आणि चलान येतं, दोन्हींचा आकडा जुळतो, दावा नामंजूर.

म्हणून आधी बिल दुरुस्त करून घ्यायचं, मग परतावा मागायचा. बिल न बदलता केलेले रिफंडचे अर्ज मी ढिगाने परत आलेले पाहिलेत. त्यातले बरेच हक्काचे पैसे होते, आणि नकाराचा आदेश हातात पडेपर्यंत वर्षाची मुदत उलटलेली असायची.

बिल बदलायचे रस्ते असे. एक, कलम १२८ खाली आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील. मुदत साठ दिवस, सबळ कारण असेल तर वर तीस. तुमचे आठ महिने झालेत, तो रस्ता बंद. दोन, कलम १४९ खाली बिलात दुरुस्ती. तीन, कलम १५४, पण ते निव्वळ लेखनिकी किंवा आकडेमोडीच्या चुकीसाठी. सवलत मागायचीच राहिली ही चूक त्यात बसते का, यावर अधिकारी हटकून वाद घालतात. आणि चार, नवाकोरा रस्ता, २०२५ च्या वित्त अधिनियमाने आणलेलं कलम १८ए. माल सुटल्यानंतर आयातदाराने आपणहून बिल सुधारायचं. सुधारलेलं बिल नव्याने केलेलं स्वयंनिर्धारण धरतात आणि रक्कम परत येणं निघत असेल तर तोच परताव्याचा दावा धरतात. त्याची नियमावली १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

तुमच्या दोन बिलांची गोष्ट वेगवेगळी आहे. कलम १४९ मध्ये एक ओळ आहे, माल सुटला तेव्हा जो कागद अस्तित्वात होता त्याच्याच आधारे दुरुस्ती होईल. पहिल्या बिलाचं प्रमाणपत्र तेव्हा होतं, त्यामुळे तिथे दम आहे. दुसऱ्याचं नंतरच्या तारखेचं, तिथे १४९ चालणार नाही.

भोसरीकर

बापरे. म्हणजे दुसरं बिल गेलंच म्हणायचं? आणि प्रमाणपत्र वेळेवर आलं नाही तर लोक करतात काय? जहाज आलं की डिटेन्शन, डेमरेज, म्हणजे कंटेनर आणि माल अडकल्याचं भाडं सुरू. आठवडाभर कंटेनर ठेवला तर ड्यूटीपेक्षा भाडं जड जाईल.

बंदरावरचा

माल अडकवून ठेवायची गरज नसते. कलम १८ खाली तात्पुरतं निर्धारण मागायचं. बॉन्ड द्यायचा, अधिकारी सांगतील ती बँक गॅरंटी किंवा इतर हमी द्यायची आणि माल सोडवायचा. प्रमाणपत्र आलं की अंतिम निर्धारण होतं. अशा प्रकरणात परताव्याचं वर्ष अंतिम निर्धारणानंतर हिशेब जुळवला त्या तारखेपासून मोजतात, पैसे भरल्यापासून नाही.

हे बहुतेक सीएचएंना पुरेपूर ठाऊक असतं. पण बॉन्ड करायचा, तो पुढे रद्द करून घ्यायचा, ग्रुपमध्ये (कस्टम्सचा निर्धारण करणारा विभाग) हेलपाटे घालायचे, याचे त्यांना वेगळे पैसे मिळत नाहीत. गिऱ्हाईक घाईत असतं आणि सीएचए त्याहून घाईत. म्हणून 'भरा आत्ता, बघू नंतर' हा सल्ला मिळतो.

कायदेकानू

बंदरावरचा यांच्या प्रतिसादात भर घालतो, एका मुद्द्यावर थोडी असहमतीही आहे.

बिल आधी बदला, मग परतावा मागा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी आयटीसी लिमिटेड विरुद्ध केंद्रीय उत्पादनशुल्क आयुक्त, कोलकाता या निकालात पक्कं केलं. त्याआधी फ्लॉक इंडिया (२०००) आणि प्रिया ब्लू (२००४) हे निकाल होतेच, पण ते अधिकाऱ्याने निर्धारण करायच्या काळातले. स्वयंनिर्धारण आल्यावर काही उच्च न्यायालयं म्हणू लागली की इथे अधिकाऱ्याचा आदेशच नाही, मग अपील कशाविरुद्ध करायचं? थेट परतावा द्या. आयटीसी निकालाने तो वाद संपवला. स्वयंनिर्धारण हासुद्धा निर्धारणाचा आदेशच, आणि तो रीतसर बदलल्याशिवाय परतावा नाही.

या निकालानंतर खात्याने पवित्रा घेतला की फक्त अपील, बाकी काही नाही. तिथे आपलं मुंबई उच्च न्यायालय कामी आलं. जानेवारी २०२१ च्या डायमेन्शन डेटा इंडियाच्या निकालात न्यायालयाने दाखवून दिलं की आयटीसी निकालातच 'अपील किंवा कायद्यातल्या इतर तरतुदींनुसार' अशा अर्थाची वाट मोकळी ठेवलेली आहे, आणि १४९ व १५४ या त्याच इतर तरतुदी. त्याच वर्षी तेलंगणा उच्च न्यायालयानेही सोनी इंडियाच्या प्रकरणात १४९ ची वाट मान्य केली. न्हावा शेवा मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत येतं. अर्जात डायमेन्शन डेटाचा उल्लेख अवश्य करा, नुसतं 'कृपया दुरुस्ती करावी' असं लिहू नका.

असहमती एवढ्यासाठी की १४९ कडे बंदरावरचा जरा सुरक्षित रस्ता म्हणून पाहतायत. २०२५ च्या वित्त अधिनियमाने कलम २७ ला स्पष्टीकरण जोडलं आहे. दुरुस्ती १४९ ने होवो वा १८ए ने, परताव्याचं एक वर्ष मूळ पैसे भरल्याच्या तारखेपासूनच मोजायचं. म्हणजे तुम्ही आठव्या महिन्यात दुरुस्तीचा अर्ज केलात आणि अधिकाऱ्याने पाच महिने फाइल दाबून ठेवली, तर दुरुस्ती हातात पडेल तेव्हा परताव्याची मुदत गेलेली असेल. १४९ ने जायचं असेल तर दुरुस्तीचा अर्ज आणि परताव्याचा दावा लागोपाठ द्या, दाव्यात लिहा की दुरुस्ती प्रलंबित आहे, आणि दोन्हींची पोच घ्या. तो दावा 'वेळेआधीचा' म्हणून परत करायचा प्रयत्न होईल. होऊ द्या, तारीख तर नोंदली जाते. मुदतीवर भांडायला पुढे तो कागद लागतो.

भोसरीकर

वकीलसाहेब, मग थेट १८ए च का नको?

कायदेकानू

तुमच्या बाबतीत माझाही कल तिकडेच आहे, कारण तिथे सुधारणा आणि दावा एकच होतो. फक्त आधी दोन गोष्टी तपासा. तुमच्यावर ऑडिट, झडती, जप्ती किंवा समन्सची कारवाई सुरू होऊन तसं कळवलेलं असेल, तर १८ए ची वाट बंद. आणि अधिकाऱ्याने त्या बिलाचं पुनर्निर्धारण केलं असेल तर परतावा मागण्यासाठी ते कलम वापरता येत नाही. तुमची बिलं तपासणीविना, तुम्ही लिहिलं तशीच सुटली असतील तर अडचण नसावी. १४९ मधली 'तेव्हा अस्तित्वात असलेला कागद' ही ओळ १८ए च्या मजकुरात नाही, त्यामुळे दुसऱ्या बिलालाही तिथे प्रयत्न करण्यासारखा आहे. मात्र नियमावलीतले अपवाद शब्दन् शब्द वाचून मगच.

शिवाय करारातली सवलत मागताना २०२० चे कॅरोटार नियम (मालाचा मूळ देश सिद्ध करण्याचे) आणि कलम २८डीए आहेतच. माल खरोखर जपानी मूळचा कसा, किती मूल्यवर्धन तिथे झालं, ही माहिती आयातदाराकडे असली पाहिजे. 'पुरवठादाराने प्रमाणपत्र दिलं' एवढ्यावर भागत नाही. ती माहिती जपानकडून आत्ताच मागवून ठेवा.

ताळेबंद

मी सीए आहे, परताव्याच्या प्रमाणपत्रांवर सह्या करते. दादा, समजा बिल दुरुस्त झालं, तरी निम्मीच लढाई झाली. पुढचा अडथळा तुमच्या हिशेबाच्या वह्यांत आहे आणि त्यात माझ्या मते बिलापेक्षा जास्त दावे बुडतात.

आधी रक्कम किती ते बघू. समजा निर्धारणयोग्य मूल्य २० लाख, मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के भरलं आणि करारानुसार शून्य लागायला हवं होतं. मूळ शुल्क १,५०,००० रुपये. त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार १५,०००. झाले १,६५,०००. आता आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) हा मूल्य अधिक शुल्क यावर लागतो, म्हणून १८ टक्क्यांनी २१,६५,००० वर ३,८९,७०० भरला गेला, जिथे २० लाखांवर ३,६०,००० पुरे होते. म्हणजे आयजीएसटीतही २९,७०० जादा गेले. पण त्याचं इनपुट क्रेडिट (आपल्या देय जीएसटीतून वजावट) तुम्ही घेऊन मोकळे झाला असाल, त्यामुळे ते परत मागायचे नाहीत. मागायचे १,६५,०००. सगळा आकडा एकत्र मागणारे अर्ज येतात आणि तेवढ्यावरून संशय सुरू होतो. क्रेडिट घेतलेल्या रकमेचा दावा केलेला नाही हे प्रमाणपत्रात स्वच्छ लिहून घ्या.

आता अडथळा. कलम २८डी म्हणतं, ड्यूटी भरणाऱ्याने तिचा बोजा गिऱ्हाइकावर ढकलला असं गृहीत धरलं जाईल, तसं नाही हे त्याने सिद्ध करावं. सिद्ध झालं नाही तर परतावा मंजूर होतो, पण तुम्हाला मिळत नाही. तो ग्राहक कल्याण निधीत जमा होतो. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर १९९६ मध्ये हे तत्त्व उचलून धरलं. गिऱ्हाइकाकडून वसूल केलेला कर तुम्ही सरकारकडूनही घेतलात तर तो दुहेरी लाभ.

भोसरीकर

पैसे भरले मी आणि कल्याण ग्राहकाचं! पण ताई, आम्ही गाइडवे जसेच्या तसे विकत नाही. ते मशीनमध्ये बसवतो आणि मशीन विकतो. मग बोजा ढकलला कसा?

ताळेबंद

हा युक्तिवाद आधीच करून झालेला आहे. सोलर पेस्टिसाइड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं की आयात केलेला कच्चा माल स्वतःच्या उत्पादनात वापरला तरी हे तत्त्व लागू. कारण त्याची किंमत तयार मालाच्या किमतीत शिरते.

म्हणून पुरावा लागतो. सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे ही रक्कम ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला 'कस्टम्सकडून येणे' अशी दाखवलेली असणं. खरेदी खर्चात धरून नफातोट्याला नेली असेल तर अधिकारी लगेच म्हणतो, खर्चात टाकली म्हणजे किमतीत धरली म्हणजे वसूल केली. तुमचं वर्ष अजून बंद झालं नसेल तर आजच्या आज नोंद बदला. एकदा लेखापरीक्षण होऊन ताळेबंदावर सह्या झाल्या की मग मी किंवा कुणीच मागच्या तारखेने काही करू शकत नाही. करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा.

दुसरा पुरावा कोटेशनचा. या कन्साइनमेंटच्या आधी, सवलतीच्या दराने आणलेल्या गाइडवेंवर तीच मशीन तुम्ही ज्या भावाला विकली, त्याच भावाला नंतरही विकली असेल, तर ते कॉस्ट शीट आणि ऑर्डरी जोडा. नुसता भाव बदलला नाही एवढ्याने दर वेळी भागत नाही, अधिकारी म्हणतो की नफा कमी केला असेल किंवा दुसरीकडे भरून काढला असेल. पण 'येणे' नोंद आणि स्थिर भाव दोन्ही असतील तर प्रकरण मजबूत होतं.

आणि सीए प्रमाणपत्र म्हणजे 'आम्ही तपासलं, बोजा ढकललेला नाही' हा एका ओळीचा कागद नव्हे. कुठली खाती पाहिली, कुठल्या बिलांशी जुळवली, हे त्यात असलं पाहिजे. एका ओळीची प्रमाणपत्रं फेटाळली जातात आणि योग्यच आहे ते.

खोडसाळ

व्याज देतात का हो उशिरा दिलं तर? की तेही कल्याण निधीत?

कायदेकानू

देतात. कलम २७ए. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत परतावा दिला नाही तर पुढच्या काळाचं वर्षाला सहा टक्के. रॅनबॅक्सीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं की तीन महिने अर्जाच्या तारखेपासून मोजायचे, मंजुरीच्या आदेशापासून नाही. अपिलात जिंकलात तरी घड्याळ मूळ अर्जापासूनच.

पण तो अर्ज पूर्ण हवा. १९९५ च्या नियमावलीनुसार दहा कामकाजाच्या दिवसांत एकतर पोच द्यायची किंवा त्रुटी दाखवून अर्ज परत करायचा. त्रुटींचं पत्र आलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. 'चलानाची प्रत अस्पष्ट' एवढ्या कारणावरूनसुद्धा पत्र निघतं.

यंत्रमाग

इचलकरंजीहून रामराम. आमचं दुखणं वेगळंच हाय. लूमसाठी चीनहून इलेक्ट्रॉनिक कार्डं मागवली. पेटी उघडली तर व्होल्टेजच वेगळं, आमच्या मशीनला बसंनात. सप्लायर म्हणतोय परत पाठवा, बदलून देतो. ड्यूटी भरल्याली. ती गेली काय?

बंदरावरचा

नाही गेली, पण माल सुटून किती दिवस झाले त्यावर सगळं आहे.

कलम २६ए नेमकं अशाच मालासाठी आहे. माल सदोष निघाला किंवा तुमच्यात आणि पुरवठादारात ठरलेल्या स्पेसिफिकेशनप्रमाणे नसला तर पूर्ण आयात ड्यूटी परत मिळते. अटी कडक आहेत. दोष शोधण्यापुरता वापर सोडून माल वापरलेला नसावा. आलेला माल तोच हे पटवता आलं पाहिजे. आणि देशांतर्गत वापरासाठी माल सोडल्याच्या आदेशापासून तीस दिवसांत तो परत निर्यात करायचा, किंवा कस्टम्सकडे त्यावरचा हक्क सोडायचा, किंवा अधिकाऱ्यासमोर नष्ट करायचा. आयुक्त ही मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढवून देऊ शकतात. परताव्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत. नाशवंत माल यात बसत नाही.

तीस दिवस म्हणजे काहीच नाही. पेटी गोदामात पडते, फिटर सवडीने उघडतो, मग पुरवठादाराशी फोटो-मेलची देवाणघेवाण, तिकडे नेमकी सुट्टी. महिना कधी गेला कळत नाही. म्हणून दोष दिसल्या दिवशीच आयुक्तांकडे मुदतवाढीचा अर्ज टाकायचा. पुरवठादार काय म्हणतो याची वाट बघायची नाही.

यंत्रमाग

दोन महिनं झाली की ओ. अर्ज बिर्ज काय केला न्हाई.

बंदरावरचा

मग मुदतवाढीचा अर्ज उशिरा का होईना करून बघा. नाहीतर कलम ७४. तो परतावा नाही, ड्रॉबॅक आहे, पण पैसे येतात. आयात केलेला माल न वापरता, ड्यूटी भरल्यापासून दोन वर्षांच्या आत परत निर्यात केला तर भरलेल्या ड्यूटीच्या ९८ टक्के मिळतात. वापरलेला असेल तर टक्का उतरत जातो. तीन महिन्यांपर्यंत वापरला तर ९५, सहापर्यंत ८५, नऊपर्यंत ७५, बारापर्यंत ७०, पंधरापर्यंत ६५, अठरापर्यंत ६०, त्यापुढे काही नाही.

इथे सगळं ओळख पटण्यावर अडतं. आजकाल बरीच बिलं तपासणीविना सुटतात, त्यामुळे आयातीच्या वेळी अधिकाऱ्याने माल पाहिलेलाच नसतो. परत पाठवताना तो विचारतो, हीच ती कार्डं कशावरून? पॅकिंग लिस्टमध्ये सीरियल नंबर असतील तर सुटलात. नसतील तर आत्ताच पुरवठादाराकडून नंबरांसह पत्र मागवा आणि मूळ खोकी फेकू नका. शिपिंग बिल (निर्यातीचं विवरणपत्र) ७४ खालचंच भरायचं. साध्या शिपिंग बिलावर माल रवाना करून नंतर ड्रॉबॅक मागणारे फार. निर्यातीच्या परवानगीच्या आदेशापासून तीन महिन्यांत दावा करायचा. आयजीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तेवढा भाग ड्रॉबॅकमध्ये धरत नाहीत.

यंत्रमाग

लई उपकार झालं साहेब. खोकी हायत. पोरांनी त्यात दोऱ्याच्या कोन भरून ठेवल्यात, काढतो आजच.

मुरगाव

वास्कोहून. हे सगळं वाचून चार टक्के एसएडीचे दिवस आठवले. नव्या लोकांसाठी सांगतो. जीएसटी यायच्या आधी आयातीवर चार टक्के विशेष अतिरिक्त शुल्क होतं. व्यापाऱ्याने माल आणून विक्रीकर भरून विकला की अधिसूचना १०२/२००७ खाली ते चार टक्के परत. त्यासाठी विक्रीच्या प्रत्येक बिलावर 'या शुल्काचं क्रेडिट मिळणार नाही' असा शिक्का मारायचा. कुणी शिक्का विसरला की दावा फेटाळला. शेवटी आमच्या गोव्याच्याच चौगुले कंपनीच्या प्रकरणात २०१४ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाच्या मोठ्या पीठाने सांगितलं की बिलात शुल्क वेगळं दाखवलंच नसेल तर शिक्का नाही म्हणून परतावा नाकारू नका. तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला.

मुदतीचा घोळ मात्र राहिला. मूळ अधिसूचनेत मुदत नव्हती, २००८ मध्ये एक वर्ष घातलं. दिल्ली उच्च न्यायालयाने सोनीच्या प्रकरणात म्हटलं अशी मुदत अधिसूचनेने घालता येत नाही. मुंबईने २०१७ मध्ये सीएमएस इन्फो सिस्टिम्सच्या प्रकरणात म्हटलं, येते. म्हणजे माल दिल्लीत उतरला असता तर पैसे मिळाले असते आणि मुरगावला किंवा न्हावा शेव्याला उतरला म्हणून नाही. एकाच देशात!

नाना_न्यूजर्सी

इथे अमेरिकेत मसाले आणि भांडी आयात करतो, म्हणून तुलनेसाठी थोडं. इकडे बिल भरल्यावर लगेच अंतिम होत नाही, 'लिक्विडेशन' व्हायला साधारण दहा महिने लागतात. तोवर चूक सापडली तर पोस्ट समरी करेक्शन टाकता येतं. लिक्विडेशन झाल्यावर १८० दिवसांत प्रोटेस्ट. तो गेला की हक्काचे पैसे असले तरी गेले. परत निर्यात केलं तर ड्रॉबॅक ९९ टक्के, आणि आयातीपासून पाच वर्षांत. मात्र पोलाद-अ‍ॅल्युमिनियमवर लावलेल्या कलम २३२ च्या टॅरिफचा ड्रॉबॅक मिळत नाही, चिनी मालावरच्या कलम ३०१ चा मिळतो. कागद हरवले की इकडेही कुणी दारात उभं करत नाही, हे सारखंच.

खोडसाळ

नाना, ९९ टक्के म्हणजे एक टक्का दक्षिणा ठेवून घेतात तर. आपल्याकडे दोन टक्के.

चाकणची_चाफेकळी

एक उपप्रश्न. आमची कंपनी जर्मन मूळ कंपनीची उपकंपनी. जुन्या काळात एसव्हीबीची (संबंधित कंपन्यांमधल्या आयातीचं मूल्य तपासणारी कस्टम्सची शाखा) चौकशी चालू असताना दर बिलावर एक टक्का 'एक्स्ट्रा ड्यूटी डिपॉझिट' भरायचो. चौकशी संपून मूल्य मान्य झालं, पण ते डिपॉझिट अजून येणे दिसतंय. त्यालाही एक वर्षाची मुदत लागते का?

ताळेबंद

चाफेकळी, ते डिपॉझिट सरसकट घेणं फेब्रुवारी २०१६ च्या परिपत्रकाने बंद झालं, म्हणजे तुमचं बरंच जुनं आहे. डिपॉझिट म्हणजे ड्यूटी नव्हे, त्यामुळे कलम २७ ची मुदत आणि बोजा ढकलल्याचं गृहीतक त्याला लागू नाही, अशी बाजू मांडता येते आणि तशी मांडलीही जाते. पण सगळी बिलं अंतिम झालीत का, ते आधी पाहा. एसव्हीबीचा अहवाल आला तरी बंदरावरच्या ग्रुपमध्ये प्रत्येक बिलाचं अंतिम निर्धारण वेगळं करावं लागतं, आणि तेच कुणी केलेलं नसतं. तुमच्या ताळेबंदात 'येणे' दिसतंय हे चांगलं आहे. अपिलासाठी भरलेली साडेसात किंवा दहा टक्क्यांची रक्कम असेल तर ती त्याहून सोपी, जिंकलात की कलम १२९ईई खाली भरल्या दिवसापासूनच्या व्याजासकट परत.

भोसरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सीएचएशी बोललो. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की १८ए चा अर्ज त्याने अजून केलेला नाही, पण करून बघू म्हणाला. वर्ष बंद व्हायचंय, त्यामुळे अकाउंटंटने आज १,६५,००० च्या जागी आमचा खरा आकडा 'कस्टम्सकडून येणे' मध्ये टाकला. जपानला मूल्यवर्धनाची माहिती मागणारी मेल गेली. ऑडिट किंवा समन्स काही नाही.

दुसऱ्या बिलाचं काय करू? दोन्ही बिलं एकाच अर्जात घालू का?

बंदरावरचा

नको. वेगवेगळे अर्ज करा. दुसऱ्याची प्रमाणपत्राच्या तारखेवरून अडवणूक होणार हे धरून चाला. एकत्र असतील तर त्याच्यापायी पहिलंही लटकेल.

कायदेकानू

सहमत. आणि दुसऱ्या बिलाला नकार आला तर तोंडी ऐकून परत येऊ नका. सकारण लेखी आदेश मागा. अपील त्याच आदेशाविरुद्ध करता येतं, आणि त्याचे साठ दिवस आदेश मिळाल्यापासून नव्याने सुरू होतात.

भोसरीकर

ठीक. पहिल्याचा अर्ज या आठवड्यात जातो. काय होतं ते इथेच लिहीन.